दक्षिणेतले देव आणि सुमनआक्कांचा कौल

लोककथा गोळा करायच्या तर गावोगाव हिंडावे लागते, असा एक समज आहे. माझा अनुभव जरा निराळा आहे. ओळखीची तीन-चार माणसे एका गाडीत बसवावीत आणि गाडी पुरेशी लांब न्यावी. किस्से डिकीतल्या सामानासारखे वाढत जातात. निघताना पिशव्या ओळखू येतात, परतताना कोणती कुणाची तेही सांगता येत नाही.

आमच्या गाडीत टिळकवाडीतली तीन माणसे होती: मी, वकिली सोडलेले आप्पा, आणि त्यांच्या शेजारच्या बंगलीत एकट्या राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या सुमनआक्का. गाडी चालवायला सदलग्याचा बाळू. निमित्त दक्षिणेतल्या देवळांचे होते, पण आक्का मात्र एक प्रश्न घेऊन निघाल्या होत्या. बेंगळूरच्या लेकीने त्यांच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. "घर विकून ये गं आई, देवळं बघून झाली की सांग," असे ती म्हणाली होती. जावे की राहावे, हे आक्कांना देवाकडून हवे होते.

आमच्या सीमाभागात यासाठी कौल लावतात. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुले चिकटवायची आणि प्रश्न विचारून वाट पाहायची. उजवे पडले तर होकार, डावे पडले तर नकार. मराठी घरात त्याला कौल म्हणतात, कानडी घरात देवाने फूल दिले म्हणतात. फुले पडतात ती एकाच पद्धतीने.

*

हंपीला देवळातल्या हत्तीला पाहून आक्कांना राहवले नाही. त्यांनी दोन्ही हातांत एकेक केळे धरले. उजवे घेतले तर बेंगळूर, डावे घेतले तर टिळकवाडी.

हत्तीने सोंडेने दोन्ही केळी एकदम उचलली आणि तो पुढच्या माणसाकडे पाहू लागला.

आप्पा म्हणाले, "उभय पक्षांना समान न्याय. खर्च ज्याचा त्याने सोसावा."

*

कांचीच्या वरदराजाच्या देवळात छताला सोन्याची पाल आहे. तिला हात लावला की दोष जातात, ही तिथली श्रद्धा. आमच्याकडची समजूत अशी, की बोलताना पाल चुकचुकली तर बोललेले खरे होते. मग आपण बोटाने जमिनीवर टकटक करून 'कृष्ण कृष्ण' म्हणायचे. दोन प्रांतांच्या श्रद्धा एकाच प्राण्याला येऊन भिडतात, तेव्हा अभ्यासकाला आनंद होतो. आक्कांनी त्या आनंदाचा लगेच व्यवहारात उपयोग केला. पालीला हात लावून त्या हळूच म्हणाल्या, "मी बेंगळुराला जाते," आणि कान देऊन उभ्या राहिल्या.

मागे रांग खोळंबली. पाल गप्प.

"आक्का, ती सोन्याची हाय," बाळू म्हणाला. "ती कशाला बोलंल?"

"साक्षीदार फितूर झाला," आप्पा म्हणाले. "चला पुढं."

*

पुढच्या एका देवळात आक्कांनी पिशवीतून दोन फुले काढून पुजाऱ्यांपुढे धरली आणि स्वतःच्या दोन्ही खांद्यांवर बोट ठेवून दाखवले. फुलांनी देवाला विचारण्याची रीत तमिळ मुलखातही आहे. पण गर्दीच्या गाभाऱ्यात एवढी उसंत कुणाला असणार? पुजाऱ्यांनी फुले घेतली आणि नाव, नक्षत्र, गोत्र विचारले. आक्कांनी लेकीचे सांगितले. तिच्या नावाने यथासांग अर्चना झाली. नारळ हातात घेऊन आक्का बाहेर आल्या.

आप्पांनी विचारले, "काय लागला निकाल?"

"प्रतिवादीला प्रसाद मिळाला," आक्का म्हणाल्या.

इतक्या दिवसांत त्या आप्पांची भाषा बोलू लागल्या होत्या.

*

तंजावरचा नंदी तुम्ही पाहिला असेल. नंदीच्या कानात इच्छा सांगितली की ती महादेवापर्यंत पोचते, ही रीत आक्कांना पाठ होती. पण तो कान कठड्याच्या आत आणि हात वर केला तरी कितीतरी उंच. आक्का टाचा उंचावून दमल्या.

बाळूने उपाय सुचवला. "आक्का, मोट्यानं सांगा की. हिकडं मराठी कुणाला कळतंय?"

आक्कांना ते पटले. त्यांनी पदर सावरला, हात जोडले आणि पाचवीच्या वर्गाला मागच्या बाकापर्यंत ऐकू जावे अशा आवाजात म्हणाल्या, "देवा, टिळकवाडीतलं घर इकून लेकीकडं बेंगळुराला जाऊ का नको?"

मग आमच्या पाठीमागून एका बाईंचा आवाज आला.

"जाऊ नगासा आक्का. आमची नणंद गेल्ती. सा म्हैन्यात परत आली."

आम्ही वळून पाहिले. मुलाबाळांसह एक अख्खे कुटुंब उभे होते.

"कुठल्या तुम्ही?" आक्कांनी विचारले.

"निपाणीच्या."

बाईंच्या यजमानांना मात्र हा निवाडा मान्य नव्हता. "एकटीनं ऱ्हाऊन काय करायच्यात त्या? लेक बोलीवतीया तर जावं की." यावर बाईंनी नणंदेची हकिगत पहिल्यापासून सांगायला घेतली. नंदीच्या साक्षीने नवरा-बायकोत जुंपली, मुले कंटाळून कबुतरांमागे धावली आणि बाळू टायरची हवा बघायची म्हणून गाडीकडे निघून गेला.

*

सुचिंद्रमला पुरुषांनी सदरा काढून आत जायचे असते. आप्पा दारातच अडले. उभे आयुष्य काळ्या कोटात गेलेला माणूस उघड्या अंगाने चारचौघांत जायला तयार होईना.

"आप्पा, काय हुतंय? चला की," बाळू म्हणाला.

"मला सर्दी होईल."

"ह्या उकाड्यात? का कोटाबिगर देव वळखणार न्हाय असं वाटतंय?"

शेवटी आप्पा गेले. आम्ही सगळे बाहेर आलो, तरी ते आतच होते. बऱ्याच वेळाने आले आणि पाठ करून सदऱ्याची बटणे लावू लागले.

आक्कांनी विचारले, "एवढं काय मागत होता हो?"

आप्पा बटणांकडेच पाहत म्हणाले, "शेजारच्या प्रकरणात पुढची तारीख."

गाडीत बसल्यावर बाळूने त्या दिवशी नेहमीची गाणी लावली नाहीत.

*

परत आल्यावर बाळू म्हणाला, "येवढं मोटं मोटं देव झालं, आता आमच्या लक्षुमीला इचारा. ती कुणाची भीड धरत न्हाय." आणि तो आम्हाला सदलग्याकडे घेऊन गेला. उसाच्या फडांमध्ये लिंबाखाली चौथरा आहे, त्यावर शेंदूर लावलेली लक्ष्मी. भिंत नाही, रांग नाही. गुरव म्हातारे आणि शांत. त्यांनी आक्कांना चौथऱ्यावर देवीसमोर बसवले, शेवंतीची दोन फुले पाण्यात बुडवून देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवली आणि म्हणाले, "इचारा, आक्का."

आक्कांनी डोळे मिटून विचारले, "लेकीकडं जाऊ का, आई?" कौलाला किती वेळ लागेल हे कुणी सांगू शकत नाही, एवढे मी अभ्यासाने सांगू शकतो. उसाची पाने वाजत होती. आप्पा चौथऱ्याच्या कडेला टेकून रस्त्याकडे तोंड करून उभे होते.

मग उजवे फूल हलले. देठाकडून सुटले आणि शेंदरावरून सावकाश खाली घसरू लागले.

आक्का गुडघ्यांवर पुढे सरकल्या. त्यांनी हात लांब केला आणि अंगठ्याने ते फूल होते तिथे परत दाबून बसवले.

गुरव हलक्या आवाजात म्हणाले, "आक्का, आई उजवी देत हुती."

"दिसलं मला," आक्का म्हणाल्या.

अंगठा तसाच ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने पिशवीतला मोबाइल काढला आणि लेकीला फोन लावला.

"न्हाय गं बाळे," त्या म्हणाल्या. "इचारलं. खरं आई अजून काय बोलंना झालीय."