मोड आलेल्या राजम्याचं डिप

आजच घडलंय, म्हणून लगेच लिहिते.

मोड आलेली मटकी आपण कांदा-लिंबू घालून कच्चीच खातो ना? त्याच हिशोबाने मी आज मोड आलेला राजमा न शिजवताच दही-लसूण घालून मिक्सरमधून फिरवला. लोण्यासारखं डिप झालं! एक वाटी वरच्या मजल्यावर शबानाभाभींकडे पाठवली, उरलेलं गाजराबरोबर मीच संपवलं.

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. थांबेचनात. आमच्या कसब्यातल्या डॉक्टरांना फोन केला.

"कच्चा राजमा? अहो, मटकी आहे का ती? विषबाधा होते त्याने! अजून कोणी खाल्लंय?"

भाभींची दोन चिमुरडी पोरं डोळ्यांसमोर आली. भाभी फोन उचलेनात. भिंत धरून जिना चढले आणि बेल दाबतच राहिले.

भाभींनी दार उघडलं. "वाटी न्यायला आलात होय? फ्रिजमध्ये आहे. उद्या पोरांच्या डब्यात देणारे, म्हणून जपून ठेवलंय."

वाटी अक्षरशः हिसकावून घेतली मी.

आता उलट्या थांबल्यात. डॉक्टर म्हणाले, भीती नाही. भाभींनी विचारलंसुद्धा नव्हतं, यात काय आहे म्हणून. शेजाऱ्यांनी वाटी पाठवली, तर तुम्ही तरी विचारता का हो?