पुसायचे राहिलेले डोळे

दामूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्याच्या एसटी स्टँडवर होतो. आधी दुःख नाही झालं, राग आला. दीड महिना झाला, तो अजून उतरलेला नाही.

दादा पेणजवळच्या जोहे गावचे मूर्तिकार, मी पेणच्या शाळेतला निवृत्त मास्तर. त्यांच्या कारखान्यात आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं, फक्त त्यांच्याकडे. डोळे आखले की तो देव झाला. मग त्याची पूजा तरी व्हायला हवी, नाहीतर विसर्जन, असा त्यांचा नियम. रोह्याकडच्या खांब गावाच्या बाजूला नदीकाठी पॅसिफिकमधल्या बेटासारखं सजवलेलं एक रिसॉर्ट झालं. तिथल्या मॅनेजरनं मोबाइलवर फोटो दाखवून बेटावरच्या देवाची माणसाएवढी फायबरची मूर्ती दादांकडून करून घेतली. "पूजा कोन करनार?" दादांनी विचारलं. "करू ना काका," तो हसून म्हणाला. दादांना ते खरं वाटलं. देवाची ऑर्डर देणारा माणूस पूजाच करणार नाही, हे जोह्यात कुणाच्या डोक्यातही येत नाही.

मूर्ती बसल्यावर दादा मला घेऊन नारळ फोडायला गेले. देवाच्या उघड्या तोंडात कचऱ्याची पिशवी लावली होती, तिच्यात बीअरचे डबे... पुण्यात शिकायला आलेली, तिकडच्याच एका बेटावरची एक बाई मूर्तीसमोर उभी होती. तिचं इंग्रजी मी दादांना मराठीत सांगत गेलो. गोरे आले, त्यांनी आमचे देव सैतान ठरवले आणि आमच्या पणजोबांच्याच हातांनी जाळायला लावले. आता त्याच गोऱ्यांची नातवंडं सुट्टीला येतात, म्हणून हॉटेलवाले तेच देव पोहायच्या तलावाशेजारी उभे करतात.

"तिला सांगा मास्तर," दादा म्हणाले, "जाळनाऱ्यांनी निदान देव मानला व्हता."

त्यानंतर दादा तिथं तीनदा गेले. मूर्ती परत नको, फक्त पांढरा रंग फिरवून डोळे पुसू द्या, म्हणजे तो देव राहणार नाही, एवढंच मागणं. मॅनेजर म्हणे, "काका, लोक डोळ्यांचेच तर फोटो काढतात." तिसऱ्या वेळी वॉचमननं गेटवरूनच हाकललं. ज्या हातानं हजारो घरांतल्या गणपतींचे डोळे उघडले, त्या हाताला धरून बाहेर काढलं! पेणच्या दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हाही दादांचं तेच. "तो बघतोय वो मास्तर... कचरा खातोय नि बघतोय."

तेराव्यानंतर वहिनींनी दादांचा ब्रश आणि पांढऱ्या रंगाची डबी माझ्या हातात दिली. "भावजी, तुमी तरी पुसून या." मी तिकीट काढून पाहुण्यासारखा आत गेलो. भर दुपार, तलावात पोरं ओरडत होती, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. डबी उघडली, मान वर केली. ती नजर दादांची होती, चष्म्यावरून बघायचे तशी. माझा हात उठला नाही. त्या मॅनेजरचा राग येतो, त्याहून जास्त आता माझा येतो.

ब्रश कोराच परत नेला. "पुसलंत?" वहिनींनी दारातच विचारलं. मी "व्हय" म्हणालो. वहिनी ही पुरवणी दर रविवारी वाचतात. तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून इथं लिहितोय... वहिनी, नाही पुसले.