अकरानं भाग न जाणारा आकडा

आमच्या आत्यांना, म्हणजे नवऱ्याच्या आत्यांना, अख्खी गल्ली 'पाचहजारी' म्हणते. पगारावरून नव्हे हं! त्या हातमागावर चादरी विणतात आणि चादरीच्या लांबीभर जाणारे त्यांचे धागे कायम पाच हजार चाळीस. एक कमी नाही की एक जास्त नाही.

हा आकडा त्यांचा भारी लाडका. एकपासून दहापर्यंत कशानंही भागा, बाकी शून्य. त्यामुळे दहापर्यंत कितीही उभे पट्टे सांगा, सगळे सारखे रुंद येतात. "एकपासून सातापर्यंत गुणत जा, हाच येतो. सातापासून दहापर्यंत गुण, तरी हाच! आहे की नाही गंमत?" असं म्हणून त्या टाळी मागतात. लग्न होऊन आले त्या दिवशी मीही टाळी दिली होती, गणितातलं ओ की ठो कळत नसताना.

घरात माणूस वाढलं की आत्या बैठकीतल्या दिवाणासाठी नवी चादर विणतात. माणशी एक पट्टा, ज्याचा त्याचा रंग. धाकटी नणंद तर भांडण झालं की स्वतःच्या पट्ट्यावर ठाण मांडून बसते. मी आले तेव्हा पट्टे दहा होते. वर्ष उलटलं तरी दहाच. सगळे दिवाणावर बसले की मी आपली मुकाट्यानं खुर्ची ओढायची. नवरा म्हणायचा, "अगं, विणतील." विणतील कपाळ! आत्यांना मी पसंतच नाही, अशी माझी खात्री झाली होती आणि ते मला फार लागलं होतं.

परवा दवाखान्यातून आले ती तरातरा थेट मागाच्या खोलीत. आता गप्प बसून चालणार नव्हतं.

"आत्या, माझं काय चुकलं ते एकदाच सांगा. माझा पट्टा का नाही?"

आत्यांचा धोटा हातातच राहिला. "तुझं कुठं काय चुकलं? तो मेला अकरा आडवा येतोय! अकरानं भागच जात नाही, दोन धागे उरतात. वर्षभर डोकं फोडतेय मी."

"मग काढून टाकायचे दोन धागे!"

"वा गं वा! सून आली आणि घरातले दोन धागे कमी झाले? माझ्या हातून नाही व्हायचं ते."

त्यांनी फळीवरून कागदात गुंडाळलेली सुताची लड काढली. निळी, माझ्या आवडीची. "तुमचं लग्न ठरलं त्याच आठवड्यात रंगवलीय."

मला रडूच कोसळलं. नाक पुसत मी विचारलं, "आत्या, बारानं जातो?"

"बारानं? मजेत! माणशी चारशे वीस." त्या खुदकन हसल्या. "सगळं घरच चारशेवीस! पण बारावं माणूस आणायचं कुठून..."

बोलता बोलता त्या थांबल्या. माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग धोटा टाकून त्यांनी मला अशी मिठी मारली की ती लड दोघींच्या मध्ये पार चेंगरली.

"अरे, ऐकलंत का सगळ्यांनी!" असं ओरडत त्या बाहेर धावल्या. दारातूनच मागे वळून माझ्यावर बोट रोखलं.

"एकच आण हं, सूनबाई! तेरानं नऊ उरतात."