नांगरवाल्याची सुरी

माझ्या नवऱ्याने, सेतापाने, जन्मभर नांगर ओढला. माझ्याच थोरल्या भावाच्या होडीवर. नवरा काय करतो असं कोणी विचारलं की मी सांगायची, दर्याच्या तळाशी कुस्ती खेळतो. लोक हसायचे. त्याचे तळहात बघितले असते तर हसले नसते. दोराने ते इतके राठ झाले होते की माझ्या ओढणीवरून हात फिरवला तर धागे निघायचे. डाव्या हाताची दोन बोटं त्या दोराने लग्नाआधीच नेली होती. वरात दारात आली तेव्हा आईने मला हळूच विचारलं, आणखी काही कमी नाही ना गं याच्यात? मी म्हटलं, उरलेल्या बोटांत भागवीन.

भावाचं नाव देरामान. थोरला म्हणून मी त्याला अबांग म्हणायची, आणि माझं ऐकून सेतापाही. अबांग तांडेल, तो मागे इंजिनापाशी. सेतापा पुढच्या टोकाला. मध्ये एखादा खलाशी. शेवटची काही वर्षं जुसोह होता, अबांगच्या बायकोचा भाचा. अबांगला मागून ओरडायची सवय, आणि सगळी ओरड एकाच नावाची. सेताप, सोड. सेताप, ओढ. सेताप, सुरी. आमच्याकडे जेवायला बसला तरी मीठ हवं असलं की सेतापालाच हाक. मी एकदा चिडून म्हटलं, ‘अबांग, वाढतेय मी. मला नाब म्हणून हाक मारलीस तर काय जीभ झडेल?’ तो हसला आणि म्हणाला, ‘सेताप, हिला सांग मीठ आणायला.’

सुरीचं जरा सांगायला हवं. आमच्याकडचे नांगर घरी केलेले, लोखंडी सळया वाकवून. खडकात अडकला तर नांगरवाला दोर हातात धरून अंदाज घेतो. मग दोर सैल सोडायचा, होडी वळसा घालून दुसऱ्या बाजूला न्यायची आणि तिकडून ओढायचं. तरी निघाला नाही तर दोर कापून मोकळं व्हायचं. नांगर काय, पुन्हा करता येतो. म्हणून नांगरवाल्याच्या कमरेला सुरी असते. ती त्याची एकट्याची, तांडेलसुद्धा तिला हात लावत नाही. होडी सोडताना त्याने ती बरोबर न्यायची. मागे ठेवली तर दर्या त्या माणसाला परत बोलावून घेतो, असं आमच्यात मानतात. मशिदीतल्या इमामांना हे बोलणं आवडत नाही. पण त्यांनीही तरुणपणी होडी सोडली तेव्हा सुरी घरी नेली होती, ती मी पाहिली आहे.

सेतापाचा खांदा गेला तो हळूहळू. आधी नमाजात हात वर नेताना तोंड वाकडं व्हायचं, मग अंगातला सदरा मला काढावा लागायचा. तरी घरी बस म्हणायची माझी छाती नव्हती. घरी बसलेला सेतापा कसा असतो ते मला दर पावसाळ्यात दिसायचं. आमचा किनारा पूर्वेकडचा. ईशान्येचा वारा सुटला, दर्या बंद झाला, की हा माणूस जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहायचा. भात पुढे ठेवला तरी लक्ष नाही. होडीवर जागा असणं म्हणजेच त्याचं असणं होतं, आणि हे अबांगला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

अबांगने विजेचा विंच आणला तो सेतापाच्या खांद्यासाठी, असं तो स्वतः आमच्या ओट्यावर बसून सांगून गेला. बॅटरीवर चालतो, खटका दाबला की दोर गुंडाळतो. ‘तू नुसता उभा राहा,’ म्हणाला, ‘जहाजाच्या कप्तानासारखा.’ सेतापाला किती आनंद झाला! शहरातून वायरमन यायच्या आधीच त्याने चेंगाल लाकडाची जाड फळी मिळवली. चेंगाल म्हणजे खिळा वाकतो पण लाकूड वाकत नाही. विंचाचा जोर एकट्या डेकवर आला तर डेक उखडेल, म्हणून खालून ही फळी घालायची आणि बोल्ट आरपार न्यायचे, हे त्याने रात्री मला तीनदा समजावलं.

दुपारी मी त्यांचं जेवण घेऊन खाडीवर गेले. होडी वाळूवर ओढलेली होती. वायरमन बॅटरीपासून पुढे जाड वायर आणत होता, अबांग त्याच्याशेजारी उभा. सेतापा पुढच्या कप्प्यात उताणा शिरून खालून नट आवळत होता, बाहेर फक्त त्याचे पाय. वायरमनने विचारलं, किती माणसं लागतात होडीवर? अबांग म्हणाला, ‘आता दोघांत भागेल. सेतापाला घरी बसवणार आहे. खांदा गेलाय त्याचा, उगाच कशाला न्यायचा.’

मध्ये एक फळी होती फक्त. सेतापाचे पाय हलायचे थांबले. मग खालून पुन्हा पान्याचा आवाज सुरू झाला, आधीपेक्षा सावकाश, आणि बराच वेळ चालला.

बाहेर आल्यावर त्याने एवढंच विचारलं की दोराचं शेवटचं टोक कुठे बांधायचं. पूर्वी ते बारीक सुतळीने बांधलेलं असायचं, वेळ आली की एका फटक्यात सुटेल असं. वायरमन म्हणाला, टोक आता विंचाच्या रिळावरच बोल्टने दाबायचं, म्हणजे सगळा दोर निसटून जाणार नाही. अबांगने मान हलवली. सेतापाने तोही बोल्ट आवळला.

घरी आल्यावर माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. मी माझ्या भावाला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, ‘तुझ्या जागी मी असते तर एक तरी नट ढिला सोडला असता.’

‘होडीवर राग काढायचा नसतो, नाब,’ तो म्हणाला. ‘घट्ट बसलाय. होडी फुटेल, पण तो हलणार नाही.’

कमरेची सुरी काढून त्याने चुलीशेजारच्या खिळ्याला टांगली. मी एकदा तिने नारळ सोलायला घेतला, तर माझ्या हातातून काढून घेतली.

मी अबांगकडे भांडायला गेले होते. त्याला लाज वाटत होती, हे त्याच्याविरुद्ध बोलताना मला सांगितलंच पाहिजे. मुलं लांब जोहोरला कारखान्यात निघून गेलेली, मासळी पूर्वीसारखी राहिली नाही, तीन वाटे करायला परवडत नाही, असं तो जमिनीकडे बघत बोलला. त्यानंतर रोज संध्याकाळी आमच्या पायरीवर एक मासा ठेवलेला असायचा. मोठा, चांगला. सेतापा तो साफ करून आणायचा आणि मुकाट्याने खायचा. दर्या उघडा होता, आणि तो पायरीवर बसलेला. मला वाटायचं, विंचाने एक माणूस आधीच बुडवला.

दर्या बंद व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. लाटा मोठ्या व्हायला लागल्या होत्या. अबांग आणि जुसोह खडकाळ जागी नांगर टाकून मासे धरत होते. वारा वाढला तेव्हा अबांग पुढे गेला आणि खटका दाबला. नांगर अडकला होता. हाताने ओढणाऱ्याला ते दोरातून कळतं, खटक्याला कळत नाही. विंच ओढत राहिला. नांगर वर येईना, म्हणून होडीचं टोक खाली जायला लागलं. अबांगला वाटलं, आता निघेल, आणखी जरासा. तेवढ्यात मोठी लाट आली. एरवी होडी लाटेवर चढते. हिला चढता येईना, तिची मान दोराने खाली धरलेली. पाणी पुढून आत आलं, बॅटरीपर्यंत गेलं आणि विंच बंद पडला. बंद पडला की तो जागच्या जागी अडकतो, दोर ना पुढे ना मागे. मासे कापायची सुरी मागे बर्फाच्या खोक्यात होती, ते खोकं आधीच तरंगत गेलं होतं.

जुसोह एका खोक्याला धरून वाचला. अबांग शेवटपर्यंत पुढेच होता, दोराशी झटत. दुसऱ्या दिवशी तो किनाऱ्याला लागला. त्याला आंघोळ सेतापाने घातली. वहिनीला हात जोडून सांगितलं, मला करू द्या. अबांगची नखं उपसून निघाली होती. सेतापाने एकेक बोट धुतलं.

मयताचं जेवण झालं त्या दिवशी जुसोह मला विहिरीपाशी गाठून उभा राहिला. तो मला मोक म्हणतो, मावशीला म्हणतात तसं. ‘मोक, एक सांगायचंय. तांडेल शेवटी ओरडत होते. मी जवळच होतो, पण माझं नाव नाही घेतलं. म्हणत होते, सेताप, सुरी. सेताप, सुरी दे.’

मी त्याचं मनगट धरलं आणि म्हटलं, हे पुन्हा कोणापाशी बोललास तर याद राख. मग मी विहिरीच्या कठड्यावर बसून ऊर फुटेस्तोवर रडले. भावासाठी रडत होते की नवऱ्यासाठी, मला सांगता येणार नाही.

पाणबुड्यांनी दोर कापला आणि दोन होड्यांनी ओढून अबांगची होडी खाडीत आणली. बाजूच्या फळ्या सुटल्या होत्या, डेक चिरला होता. विंच मात्र होता तिथेच, केसभरही हललेला नाही. एक नट ढिला, असं मी रागात बोलले होते. तेवढा असता तर विंच उखडून दोरासकट दर्यात गेला असता आणि माझा भाऊ घरी आला असता. तो विचार माझ्या डोक्यातून जात नाही. सेतापाच्या डोक्यात तो असणार हे मला विचारावं लागलं नाही.

वहिनीने निरोप पाठवला, लाकूड विकायचंय, विंच काढून दे. दुसरं कोणी काढेल म्हटलं तर सेतापा ऐकेना. सकाळी आम्ही दोघं गेलो. तो त्याच कप्प्यात उताणा शिरला, मी वर डेकवर बसले. नट खाऱ्या पाण्याने गंजून बसले होते, शिवाय मुळात ते आवळलेच होते तसे. दुपार झाली तरी पहिला सुटला नव्हता. आवाज थांबला.

‘नाब,’ खालून तो म्हणाला, ‘जुसोह तुला विहिरीपाशी काय म्हणाला?’

मध्ये एक फळी होती फक्त. खोटं बोलायचं ठरवून ठेवलं होतं मी.

‘मला हाक मारली ना अबांगने?’

‘हो.’

‘सुरीसाठी.’

‘हो.’

मी वाकून बघितलं नाही, बघायचं धाडस नव्हतं. मग कप्प्याच्या तोंडातून त्याचा उजवा हात बाहेर आला, रक्ताळलेला, तळवा वर.

‘नाब, मोठा पाना दे.’

मी धावत जाऊन दिला.