विकलेल्या बगीच्यातली संत्री

आमच्याकडे पांढुर्ण्याला संत्र्याचा बगीचा एकदा व्यापाऱ्याला विकला, की तोडणी होईपर्यंत आपल्याच झाडाला हात लावायचा नाही. झाड आपलं, फळ त्याचं. लहानपणी मला हा सरळसरळ अन्याय वाटायचा. आज मी सौसरच्या बाजारातून किलोवर संत्री आणते, पण आमच्या त्या बगीच्यातल्या दुपारींची सर कशालाच नाही. गारेगार सावली, ओल्या मातीत रुतणारे पाय, आणि मला दोराचा झोका बांधून देणारे रखवालदार काका. व्यापाऱ्याने राखणीला ठेवलेले हे काका बायकोसह तिथेच झोपडीत राहायचे. किती लाड केले त्यांनी माझे!

त्या साली लोधीखेड्याच्या माझ्या आत्याला दिवस गेले आणि तिला संत्र्यांचे डोहाळे लागले. बाबांचा बहिणीवर भारी जीव. एका दुपारी काका-काकू दळण आणायला गेल्याचं पाहून ते मला म्हणाले, "पिशवी धर. एवढ्यानं व्यापारी काय भिकारी होऊन राहिला?" दोन पिशव्या भरल्या. धुऱ्याजवळचं, शेताच्या बांधालगतचं झाड पार बोडकं दिसायला लागलं.

तिसऱ्या दिवशी बाबा आणि मी बगीच्यात असतानाच व्यापारी आला आणि त्याने नेमकं तेच झाड पाहिलं. काकांवर असा खेकसला म्हणता! "चोर आहेस तू! आजच्या आज बिस्तरा गुंडाळ!"

"जामसावळीच्या मारुतीची आण, मालक, मी नाही तोडली," काका पुन्हा पुन्हा सांगत होते. काकूंनी तर दोरीवरचे ओले कपडे काढायलाही सुरुवात केली. मी बाबांकडे पाहिलं. बाबा स्वतःच्या चपलेकडे पाहत उभे. शेवटी मला राहवलंच नाही.

"बाबांनी तोडली! आत्यासाठी! पिशवी मी धरली होती."

व्यापारी आधी बघतच राहिला, मग खो खो हसला. "अरे भाऊ, मले सांगायचं ना! अजून ने बहिणीसाठी!" काका राहिले. काकूंनी कपडे पुन्हा वाळत घातले. बाबाही हसले, पण कान लालबुंद झालेले.

घरी आल्यावर मात्र त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. आठ दिवस! मीही कमी नव्हते, मीही तोंड फुगवून बसले. खोटं बोलले होते काय मी?

नवव्या दिवशी जेवताना त्यांनी घास ताटात ठेवला. "मी सांगणारच होतो तवा," ते म्हणाले. "तू काहून बोलली? एक मिनिट थांबली असती तं?"

आवाजात राग नव्हता. डोळे भरले होते.

आता बाबा नाहीत. त्या दिवशी ते खरंच बोलले असते की नाही, हे मला आजही कळत नाही. बोलले असते, असंच मी माझ्या मुलींना सांगते.