आमचा जांभळा कारखाना

जळगावात आमच्या कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. प्लॉट पाडले तेव्हा कायद्यानं सोडावी लागली म्हणून सोडलेली. तिला सगळे ओपन स्पेसच म्हणतात. घर घेताना आम्हाला सांगितलं होतं की इथे बाग होणार, कारंजं होणार, म्हाताऱ्यांना बाकं होणार. बागेची वाट बघत माझी मुलं मोठी झाली, शिकली, पुण्याला गेली. मी म्हातारी झाले, बाक काही आला नाही. पण खरं सांगू का, बरंच झालं. बाग आली असती तर बिबड्या कुठे घातल्या असत्या?

ज्यांना बिबडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, म्हणजे माझ्या पुण्याच्या नातवंडांसाठी. ज्वारी भिजवायची, भरडायची, पहाटे मोठ्या पातेल्यात लसूण-तीळ घालून तिचा घाटा शिजवायचा. तो ओल्या फडक्यावर हातानं पातळ थापायचा आणि साडी अंथरलेल्या खाटेवर उलटा टाकायचा. कडक वाळला की झाला ज्वारीचा पापड. एकटीचं काम नाही हे. दर वैशाखात कॉलनीतल्या आम्ही सगळ्या त्या जागेवर खाटा मांडतो. आज हिच्या बिबड्या, उद्या तिच्या. वर्षभराच्या चहाड्याही तिथेच वाळतात.

तर मागे एका वैशाखात आम्ही थापत बसलो असताना डोक्यावर काहीतरी भुणभुणत आलं. कोणाच्या तरी लग्नाचं शूटिंग असेल असं वाटून आम्ही पदर सारखे केले. एकदोघींनी हसून वर बघितलंही. ते निघालं विकास आराखड्याचं ड्रोन.

आता कायदे बदलले, पद्धती बदलल्या. पूर्वी आराखडा करायचा तर साहेब लोक उन्हात पायी फिरायचे, कोणाच्या तरी ओसरीवर पाणी प्यायचे आणि मग चूक करायचे. आता तेवढा त्रास राहिला नाही. चूक थेट वरूनच होते.

पुढे महापालिकेत नकाशा लागला. आमच्या गल्लीतले निवृत्त भाऊ, जे पेपरातल्या जाहीर सूचनाही चष्मा पुसून वाचतात, ते बघून आले आणि माझ्या दारात उभे राहिले.

"वहिनी, अभिनंदन. तुम्ही कारखानदार झाल्या."

"लॉटरी लागली की काय, भाऊ?"

"नकाशात आपल्या ओपन स्पेसला जांभळा रंग दिलाय. बागेला हिरवा असतो, घरांना पिवळा. जांभळा म्हणजे उद्योग."

शेजारच्या अक्का तिथेच बसल्या होत्या. अक्का माझ्याहून मोठ्या, गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला, घरात एकट्या. त्या म्हणाल्या, "बठ्ठी जागा जांभळी? मंग मन्हा पगार कोठे शे?"

सगळी जागा कारखाना, तर माझा पगार कुठे, म्हणे. हसलो आम्ही, पण भाऊ हसले नाहीत. म्हणाले, हा रंग पक्का झाला तर उद्या कोणीतरी तिथे पत्र्याची शेड ठोकेल, मग खाटा घ्या डोक्यावर. मुदतीत हरकत घेता येते म्हणे. मग आम्ही हरकत घेतली. सरकार फार दयाळू आहे, आधी जागा घेतं आणि मग विचारतं, काही म्हणणं आहे का.

सुनावणीला आम्ही आठ-दहा जणी रिक्षा करून गेलो. साहेब तरुण होते, वागायला चांगले. त्यांनी स्क्रीनवर आमची जागा दाखवली. वरून खरंच ओळी-ओळीनं चौकोन दिसत होते, लाल, पिवळे, हिरवे.

"मावशी, इथे शेड दिसतायत."

"खाटा आहेत, साहेब. वर साड्या आहेत. ती हिरवी माझी आहे."

"आणि हा माल?"

"बिबड्या."

"म्हणजे उत्पादन चालतं."

"चालतं. पण मालक घरीच खातात."

भाऊंनी सांगून बघितलं की जुन्या लेआउटमध्ये ही मोकळी जागा आहे. साहेब म्हणाले, ते जुनं झालं, आता प्रत्यक्षात वापर काय आहे तो बघतात. माझ्या माहितीप्रमाणे प्रत्यक्ष बघायला जमिनीवर यावं लागतं. शेवटी त्यांनी मार्ग काढला. स्थळपाहणीला येतो म्हणाले. तेव्हा जागा मोकळी दिसली तर मोकळी धरू.

"कधी येणार?"

"कळवू."

अडचण तुमच्या लक्षात आली का? बिबड्यांसाठी जागा वाचवायची, तर तिथे बिबड्या घालायच्या नाहीत. असा सोपा उपाय आमच्या डोक्यातही आला नसता.

पुढच्या वैशाखात खाटा निघाल्या नाहीत. घरोघरच्या सुना पातेली घेऊन गच्चीवर गेल्या. प्रत्येकीची गच्ची वेगळी, प्रत्येकीचा घाटा वेगळा, कोणाचं कोणाला ऐकू येईना. मी कठडा धरत दोनदा चढले आणि तिसऱ्यांदा पायरीवरच बसले. अक्का तर पहिल्या पायरीपर्यंतही गेल्या नाहीत. ओट्यावर बसून त्या रिकाम्या जागेकडे बघत राहायच्या. जागा तरी रिकामी कुठली. आठवड्यात तिथे गाड्या लागल्या, कोणीतरी वाळू टाकली, एका घराचा पाण्याचा टँकर मुक्कामाला आला. मोकळी जागा राखणं हे बिबड्या थापण्याहून जड काम आहे, हे मला तेव्हा कळलं. दिवसभर मी काठी घेऊन मोटारसायकली हाकलत होते. साहेब काही आले नाहीत.

वैशाख सरत आला. एक दिवस पहाटे घाट्याचा वास आला, तोही गच्चीवरून नाही, खालून. बाहेर येऊन बघते तर जागेच्या मधोमध अक्का. तीन विटांची चूल, वर पातेलं.

"अक्का, साहेब आले तर?"

"येऊ दे ना. धुळ्यानी पोर वाट देखस बिबड्यानी. त्या नकाशाले नई वाट देखानी."

धुळ्याची लेक बिबड्यांची वाट बघते, नकाशाला काही वाट बघायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. मी माझी खाट ओढत आणली. पाठोपाठ दुसरी आली, तिसरी आली. सुनांनी गच्चीवरून पातेली खाली उतरवली. भाऊंनी कपाळाला हात लावला आणि मग टँकरवाल्याला, गाडीवाल्यांना आणि वाळूवाल्याला उठवायला गेले.

उन्हं चढली, सगळ्या खाटा भरल्या, आणि कॉलनीच्या दारातून साहेबांची जीप आत आली. सरकार उशिरा येतं म्हणणाऱ्यांनी आमचा मुहूर्त बघावा.

साहेब उतरले, खाटांकडे बघितलं, हातातल्या कागदाकडे बघितलं. म्हणाले, "मावशी, वापर चालूच आहे की."

मी म्हटलं, "साहेब, कारखाना बंद करायला किती वेळ लागतो?"

"नोटीस, मुदत, वेळ लागतो."

"बरं. उचला गं."

एकेका खाटेला चौघी. ओल्या बिबड्यांसकट खाटा उचलल्या आणि ज्याच्या त्याच्या अंगणात नेऊन ठेवल्या. अक्कांचं पातेलं मी धरलं, विटा भाऊंनी. ड्रायव्हरनं जीप वळवेपर्यंत जागा पार मोकळी. नुसती माती, आणि मधे चुलीची राख. साहेबांनी खिशातून फोन काढला आणि मातीचा फोटो घेतला.

रंगाचं अजून काही कळलेलं नाही. आराखडा मंजुरीला वर गेलाय म्हणतात, आणि वर गेलेलं खाली कधी येतं हे ड्रोनलाही ठाऊक नसेल. पण त्या दिवशी निघताना अक्कांनी साहेबांच्या हातावर अर्धवट ओली बिबडी ठेवली, कच्चं तेल लावून. बिबडी अशी ओली असतानाच खरी लागते. त्यांनी खाल्ली. दुसरी मागितली.

अक्कांनी विचारलं, "आते परत मांडू का?"

तोंड भरलेलं होतं, त्यामुळे साहेबांना नियम काही आठवला नसावा. हातानंच खूण करत म्हणाले, "मांडा."

कागदावर कुठेही नसलेली ही परवानगी. आम्ही ती धरून चाललो आहोत. उद्या पहाटे माझ्या बिबड्या आहेत.