अकरा वाकडी भोकं

माझा दादा म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. तीस वर्षं त्याने दातांच्या डॉक्टरांसाठी तारा वाकवल्या. गावभरचे वेडेवाकडे दात ओळीत आणले, स्वतःचं लग्न मात्र जमवता आलं नाही. नवरा गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले, तेव्हापासून जेवायच्या टेबलावर इंजिनं बघतेय. हौशी लोक वीतभर लांबीची रेल्वे इंजिनं बनवतात आणि बॉयलरच्या कडेची हात धरायची दांडी दादाकडून करून घेतात. बाजारातली जाड असते म्हणे. मी म्हणायची, त्या इंजिनावर चढणार कोण आहे, मुंगी? मग तो दिवसभर माझ्याशी बोलत नसे.

पण काम बघण्यासारखं होतं. पितळी तारेचं एक टोक टेबलाला घट्ट आवळायचं, दुसरं पकडीत धरायचं आणि एकच झटका. तार सुतासारखी सरळ. मग बॉयलरला बारीक भोकं, भोकांत मोहरीएवढ्या खुंट्या, खुंट्यांतून तार, आतून कथलाचा डाग दिला की झालं.

गेल्या हिवाळ्यात एक नर्सबाई आल्या. त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं इंजिन काढलं.

"माझ्या मुलाचं आहे," त्या म्हणाल्या. "त्याला सव्विसावं वर्ष चालू होतं. आजारात गेला. दांडी तेवढी राहिलीय बघा. तेवढं पूर्ण करून द्या."

दादाने ते दोन्ही हातांनी घेतलं.

त्या गेल्यावर त्याने भिंग लावलं. "पोराने भोकं पाडून ठेवलीत गं, अकरा. पण खालीवर झालीत. यातून दांडी घातली तर सापासारखी दिसेल." तो एकेक भोक निरखत गेला. "तशीच ठेवू का?"

मी भाजी निवडत होते. "तशीच? वाकडं काम आपल्या घरातून बाहेर जाणार? त्या माउलीला वाटेल, म्हाताऱ्याने पाट्या टाकल्या."

"तेही खरंच," तो म्हणाला आणि आठवडाभर खपला. अकराही भोकं बुजवली, घासली, वरून रंग दिला, नवी पाडली.

बाई आल्या तेव्हा इंजिन खिडकीपाशी उजेडात ठेवलं होतं. दांडी अशी उतरली होती की मलाही, हो, मलाही कौतुक वाटलं. बाईंनी चष्मा काढला, इंजिन डोळ्यांजवळ नेलं आणि बॉयलरवरून नख फिरवलं.

"त्याची भोकं कुठायत?"

"बुजवली," दादा खुशीत म्हणाला. "शोधून सापडायची नाहीत."

"नाही सापडत," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

शेवटी शेवटी मुलाचे हात थरथरायचे. दिवसाला एक भोक, पुढे दम लागायचा. बाई पलंगाशेजारी इंजिन घट्ट धरून बसायच्या. "सातव्याला ड्रिल माझ्या अंगठ्यात घुसलं, तर हाच रडला, वेडा." हे सांगताना त्या हसल्या आणि मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"मी परत पाडून देतो," दादा घाईने म्हणाला. "होती तिथेच. मला एकेक आठवतंय..." आणि मध्येच थांबला. तीही त्याच्याच हातची होणार, त्या पोराच्या नव्हे, हे त्याचं त्यालाच कळलं.

"चूक माझी," तो म्हणाला. "मी कुणाला विचारलंसुद्धा नाही."

मी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी होते. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. त्या दिवशी टाळ्याला चिकटली.

बाईंनी दोष दिला नाही. इंजिन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "फार सुंदर झालंय. पण आता हे तुमचं झालं. तुमच्याकडेच असू दे." रुमालाची घडी तेवढी घेऊन त्या गेल्या.

त्यानंतर दादाने एकही दांडी केली नाही. कुणी विचारलं तर सांगतो, नजर गेली. माझ्याशी मात्र पूर्वीपेक्षा गोड बोलतो. भाजीत मीठ जास्त पडलं तरी मुकाट्याने खातो. एकदा, एकदाच त्याने माझ्यावर ओरडावं म्हणून मी मुद्दाम वाकड्यात शिरते. तो "बस गं जरा, दमली असशील" म्हणतो आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढतो.